दुसरा निकाल

समोशाबरोबर मिळणाऱ्या त्या लालभडक गोड चटणीचा वास मला आजही सहन होत नाही. मुलं म्हणतात, वयानुसार पोट नाजूक झालंय. पोटाचा काही संबंध नाही. तो वास आला की अंधेरीतल्या आमच्या कॉलेजची तिसऱ्या मजल्यावरची खोली डोळ्यांसमोर येते, भिंतीला लावून ठेवलेले बाक दिसतात आणि मधोमध हातात नारळ घेऊन उभी असलेली मी दिसते. मग घास खाली उतरत नाही. मागच्या महिन्यात त्याच कॉलेजच्या वादसभेची दोन मुलं घरी आली होती. कसला तरी वर्धापनदिन आहे, प्रमुख पाहुण्या म्हणून या, म्हणाली. चुणचुणीत, नम्र, वाकून नमस्कार करणारी मुलं. मी त्यांना कोकम सरबत दिलं आणि येणार नाही म्हणून सांगितलं. का, ते विचारायचं त्यांना धाडस झालं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते इथे लिहून ठेवते.

आम्ही दहिसरला नदीच्या अंगाला असलेल्या चाळीत राहायचो. आजोबा गिरणीतून बाहेर पडल्यावर त्यांनी ही खोली घेतली होती. पप्पा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक होते आणि सकाळी सातलाच बाहेर पडायचे, त्यामुळे घर म्हणजे आई आणि मी. आमची खोली नळाच्या अगदी समोर, शेवटून दुसरी. पाणी यायच्या आधी नळातून हवेचा घुर्रर्र आवाज यायचा आणि त्या आवाजाबरोबर बादल्या, कळश्या, हंडे फरशीवर आपटत बाहेर पडायचे. त्यापाठोपाठ भांडणं. कोणाचा पाइप कोणी काढला, कोणाच्या सुकत घातलेल्या बोंबलांवर कोणाच्या पोराने पाणी उडवलं, कोणी कोणाला काय टोमणा मारला. आणि हे सगळं शेवटी आमच्या दारात यायचं. आईकडे.

आई सातवीपर्यंत शिकलेली. कुठल्या कमिटीवर नाही, कुठल्या पक्षात नाही. पण भांडण तिच्यापुढे आलं की ती आधी गॅस बारीक करायची. तव्यावर घावन असेल तर तेवढं काढायची, झाकण ठेवायची, हात पुसायची आणि उंबऱ्यात बसायची. मग बोटाच्या पेरांवर अंगठा टेकवत एकेकीचं ऐकायची. मध्ये कोणी तोंड घातलं तर नुसता तळवा वर करायची. सगळं ऐकून झाल्यावर जे सांगायचं ते दोन वाक्यांत सांगायची, आणि माणसं कुरकुरत का होईना पण उठून जायची. वरच्या मजल्यावरच्या शेलारकाकू आणि आमच्या शेजारच्या पडवळबाई या दोघींचं वैर तर पिढीजात म्हणावं असं, पण त्याही निकालाला आईकडेच येत. पुन्हा गॅस मोठा व्हायचा, घावन पडायचं आणि मला नारळाच्या रसाबरोबर गरम गरम मिळायचं. हे आमच्याकडे रोजचंच होतं. त्यात काही विशेष आहे हे मला कॉलेजात जाईपर्यंत कळलंच नव्हतं, आणि कळलं तेव्हा मी त्याचं काय केलं ते पुढे येईलच.

कॉलेजात पहिल्याच वर्षी मी वादसभेत शिरले. मला बोलता येतं, हे मला चाळीनेच शिकवलं होतं. दर शुक्रवारी चारला वाद व्हायचा. विषय फळ्यावर, बाजू चिठ्ठीवर. चिठ्ठीत ‘बाजूने’ आलं की बाजूने बोलायचं, ‘विरोधात’ आलं की विरोधात. तुम्हाला स्वतःला काय वाटतं हे विचारणं आमच्यात बावळटपणाचं समजलं जायचं. मागच्या शुक्रवारी झोपडपट्ट्या हटवा म्हणून टेबल बडवणारा मुलगा या शुक्रवारी झोपडपट्टीतल्या माणसासाठी डोळ्यांत पाणी आणायचा आणि खाली बसल्यावर शेजारच्याला विचारायचा, ‘‘पाणी बरं आलं ना?’’ मला तेव्हा हे फार भारी वाटायचं. आता किळस येते, आणि ती मी मऊ शब्दांत सांगणार नाही. पण मी त्यातलीच एक होते, आणि बऱ्यापैकी वरच्या रांगेतली.

सभेची एक रीत होती. वादाचा निकाल प्राध्यापक देत नसत. दर शुक्रवारी बाहेरचा एक साधा माणूस पंच म्हणून बोलवायचा. झेरॉक्सवाले काका, गेटवरचा वॉचमन, इडलीची गाडी लावणाऱ्या अम्मा, कोणाचे तरी निवृत्त आजोबा. साध्या माणसाला ज्याचं म्हणणं पटेल तोच खरा वक्ता, असं कोणीतरी थोर विचार करून ठरवलं होतं आणि ते खोलीच्या दारावर लिहिलेलंही होतं. पंचाला मधल्या खुर्चीत बसवायचं, निकाल द्यायला लावायचं, का दिला ते विचारायचं, टाळ्या वाजवायच्या, नारळ आणि पेन देऊन जिन्यापर्यंत सोडायचं. संध्याकाळी त्याला फोनवर फोटो पाठवायचे. इथपर्यंत सगळं चांगलंच होतं. माणसं खरंच खूश होऊन जायची. इडलीवाल्या अम्मांनी तर ते पेन गाडीवर सगळ्यांना दिसेल असं खोचून ठेवलं होतं.

पंच जिना उतरला की दार लावलं जायचं, समोसे यायचे आणि ‘दुसरा निकाल’ सुरू व्हायचा. एकाने मध्ये उभं राहायचं, हातात दुसरा नारळ घ्यायचा आणि आत्ताच गेलेल्या माणसाची नक्कल करत त्याचा निकाल पुन्हा द्यायचा. तो कसा अडखळला, ‘विषय’ म्हणताना कसं ‘इषय’ म्हणाला, खुर्चीच्या कडेवर कसा बसला, पंख्याकडे कसा बघत राहिला. पोरं हसून हसून बाकांवर आडवी व्हायची. चटणी सांडायची, बोटं चाटली जायची. या कामात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. झेरॉक्सवाले काका बोलताना दर वाक्याला शर्टाचं वरचं बटण चाचपतात हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी ते केलं तेव्हा आमचा अध्यक्ष अद्वैत अक्षरशः जमिनीवर बसला. ‘‘मयू, तू म्हणजे ना, झकास! तुला स्टेजवरच पाठवायला पाहिजे यार,’’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी त्याच काकांकडे नोट्स झेरॉक्स करायला गेले आणि त्यांनी मला विचारलं, ‘‘काय गं बाळा, माझा निकाल बरोबर होता ना?’’ मी म्हटलं, एकदम बरोबर काका. बोलताना माझं लक्ष बटणावर होतं.

तिसऱ्या वर्षी एका शुक्रवारचा पंच आदल्या दिवशी रद्द झाला. राज्यपातळीच्या स्पर्धेला जाणाऱ्या संघाची निवड त्याच आठवड्यात व्हायची होती आणि प्रमुख कोण, मी की सानिका, यावर सगळे बोलत होते. सानिका माझी मैत्रीण, पार्ल्यातली, स्वभावाने खरंच चांगली. चाळीतली भांडणं आणि आईचे निकाल मी सगळ्यांना रंगवून सांगत असे, ते तिला आठवलं. ‘‘अगं, तुझ्या आईलाच बोलव ना! ती तर जन्मजात पंच आहे,’’ ती म्हणाली. मी बॅगेची चेन उगाच उघडली आणि लावली. अद्वैतने कारण ओळखलं असावं. ‘‘टेन्शन नको घेऊ. आपल्या माणसाचा दुसरा निकाल नाही करायचा. प्रॉमिस,’’ म्हणाला. आणि मी हो म्हटलं. म्हणजे इतरांच्या बाबतीत ते काय असतं हे आम्हा सगळ्यांना नीट माहीत होतं.

आईला सांगितलं तेव्हा ती बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं टाकत होती. तिचा हात तसाच राहिला. ‘‘माका बोलवल्यानी? कॉलेजात?’’ असं तिने तीनदा विचारलं. मग विषय विचारला. मी सांगितला: नातं टिकवण्यासाठी खोटं बोलणं योग्य आहे का. ‘‘ह्याच्यावर भांडूचा काय आसा?’’ म्हणून ती हसली, पण त्या संध्याकाळी मी पोटमाळ्यावरून खाली आले तर ती मांडणीसमोर उभी राहून डब्यांना उद्देशून बोलत होती. ‘‘मुलांनो,’’ म्हणाली, थांबली, पदर नीट केला, पुन्हा ‘‘मुलांनो’’ म्हणाली. मला बघून लाजली. ‘‘कोणाक सांगू नको हां,’’ म्हणाली. मी म्हटलं, नाही गं सांगत.

दुसऱ्या दिवशी ती आली ती इस्त्रीच्या हिरव्या साडीत, शंभर पानी वही घेऊन. खोलीच्या दारात तिने मला हळूच विचारलं, चप्पल काढायची का. मी जरा चिडूनच ‘‘नाही गं, चल,’’ म्हटलं. चिठ्ठीत मला ‘बाजूने’ आलं. समोर विनायक होता. हा गोवंडीहून यायचा, अभ्यासात हुशार पण बोलताना अडखळायचा, आणि आमच्याकडे त्याला केवळ माणसं कमी पडली की उभं करत. मी त्या दिवशी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण केलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. विनायकने मात्र सुरुवातच अशी केली, की मयुरी म्हणाली त्यातली एक गोष्ट मला पटली. पोरं हसली, कारण आमच्यात असं कोणी म्हणत नसे. मग दोन जागी अडून, घाम पुसत त्याने आपलं म्हणणं मांडलं आणि बसला.

आई उठली. वही उघडली आणि मिटली. शुद्ध बोलायचं तिने ठरवलं असणार, पण पहिल्या वाक्यानंतर ते तिला जमलं नाही. ‘‘मी काय तुमच्यासारखी शिकलेली नाय. पण दोन्ही बाजू मी नीट आयकलंय. माजी चेडू बरी बोलली. शब्दाक खंय अडली नाय. पण ती कोणाचा आयकत नव्हती. दुसरो बोलत होतो तेव्हा ती आपला पुढचा लिहीत होती. ह्या झिलाक बोलूक जमत नाय, पण ह्याणां तिचा एक म्हणणा मान्य केल्यान आणि मगे आपला सांगितल्यान. बाकीचे सगळे आपली पाळी कधी येता त्याची वाट बघतत. म्हणान मी ह्याका देतंय.’’

टाळ्या झाल्या. विनायक खाली बघत होता, त्याचे कान लाल झाले होते. आज मी शपथेवर सांगू शकते की त्या खोलीत तीन वर्षांत याहून शहाणं कोणी काही बोललं नव्हतं. त्या वेळी मला फक्त एवढंच ऐकू आलं, की माझ्या आईने निवडीच्या आठवड्यात, सगळ्यांदेखत, मला हरवलं. तिला रिक्षात बसवताना तिने विचारलं, ‘‘राग इलो तुका?’’ मी म्हटलं, छे. तिने नारळ मांडीवर घेतला आणि रिक्षा वळेपर्यंत हात हलवत राहिली.

वर आले तेव्हा समोसे आले होते आणि दार लागलं होतं. अद्वैतने आपला शब्द पाळला होता. नारळ बाकावर नुसताच पडला होता, त्याला कोणी हात लावला नव्हता. सगळे माझ्याशी जरा जास्तच चांगलं वागत होते. सानिकाने मला प्लेट दिली. ‘‘आई क्यूट आहे गं तुझी,’’ म्हणाली. कोणीतरी ‘हार्ड लक’ म्हणालं. पाच मिनिटांत सगळे घरी गेले असते आणि गोष्ट तिथेच संपली असती. मला कोणी भरीला घातलं नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला उलटंच सांगत होते. मी प्लेट खाली ठेवली, ओढणी डोक्यावरून पदरासारखी घेतली आणि नारळ उचलला. ‘‘मुलांनो,’’ म्हटलं.

असा हशा उसळला, की बाहेरून कोणीतरी दार वाजवलं. मी डब्यांसमोरची तालीम केली. चप्पल काढायचं विचारलं. बोटाच्या पेरांवर अंगठा टेकवला. आणि मग ते केलं. आईचं तोंड बोलताना डाव्या बाजूला किंचित ओढलं जायचं. लहानपणी कसल्याशा तापात झालं होतं म्हणे. घरात ते कोणी पाहत नसे, मी ते कधी पाहिलंय हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पण त्या दुपारी ती निकाल देत होती तेव्हा माझ्या डोळ्यांनी ते सवयीने टिपून घेतलं होतं. मी ओठ डावीकडे ओढले, होतं त्याच्या चौपट ओढले, आणि तसेच ठेवून पूर्ण निकाल दिला. मालवणीत, तिच्या आवाजात, हेलसुद्धा न चुकवता. अद्वैत आधी ‘‘अगं नको, नको’’ म्हणत होता, मग तोही पोट धरून बसला. दोघातिघांनी फोन वर धरले होते. विनायक आपला समोसा तसाच ठेवून निघून गेला, आणि तो गेल्यावर मी त्याचंही दोन मिनिटं केलं. त्याच संध्याकाळी मला संघाची प्रमुख करण्यात आलं. जिना उतरताना सानिका म्हणाली, ‘‘मानलं यार तुला. मला नसतं जमलं.’’ मी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

पंचांना फोटो पाठवायचं काम पहिल्या वर्षाच्या एका मुलीकडे होतं. शनिवारी तिची परीक्षा होती म्हणून तिने ते रविवारी सकाळी, घाईघाईत केलं. फोनमध्ये शुक्रवारचं जे काही होतं ते सगळं तिने एकदम निवडलं आणि आईच्या नंबरवर पाठवून दिलं.

मी न्हाणीत होते. पाण्याच्या आवाजातून मला आईचा आवाज ऐकू आला, ‘‘मी काय तुमच्यासारखी शिकलेली नाय.’’ आई कोणाशी बोलते आहे म्हणून मी तांब्या खाली ठेवला. मग हशा ऐकू आला आणि मला कळलं, तो आवाज तिचा नाही, माझा आहे. मी तशीच ओल्या केसांनी बाहेर आले. आई पाटावर बसली होती. पुढ्यात बांगडे, अर्धे साफ केलेले. फोन तिने तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. शेवटपर्यंत बघितलं. मग खवले लागलेल्या हाताने, कडेच्या बोटाने, पुन्हा पहिल्यापासून लावलं. मला वाटतं ती दुसऱ्यांदा बघत होती तेव्हा मला तिथल्या तिथे ओकारी आली असती तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. मी बोलायला लागले. ती रीत आहे, सगळ्यांचंच करतात, ते प्रेमानेच असतं, मी तुला हसत नव्हते, मला तुझा राग आला होता, राग येणं साहजिक आहे. माझ्याजवळ एकामागून एक मुद्दे तयार होते आणि एकाही ठिकाणी मी अडले नाही. आई ऐकत होती. मी थांबल्यावर तिने फोन पालथा ठेवला.

‘‘माका म्हायत नव्हता गो,’’ ती म्हणाली, ‘‘मी अशी दिसतंय.’’

मी म्हटलं, तू अशी दिसत नाहीस. तिने पुन्हा विळी पुढे ओढली. बांगडे धुतले, तिखलं केलं, मला वाढलं. मी जेवलेसुद्धा. पप्पांना आम्ही दोघींनी काहीच सांगितलं नाही.

त्या आठवड्यात नळावरून शेलारकाकू आणि पडवळबाईंचं कडाक्याचं वाजलं. दोघी तावातावाने दारात आल्या. आई भाकऱ्या थापत होती. तिने गॅस बारीक केला नाही. ‘‘तुमचा तुम्हीच काय ता बघा,’’ एवढं म्हणाली आणि त्यांच्याकडे पाठ करून थापत राहिली. त्या बराच वेळ उभ्या होत्या. शेलारकाकूंनी मला विचारलं, ‘‘हिला बरं नाही का गं?’’ मी मान हलवली. त्यानंतर आणखी दोनदा तसंच झालं, आणि मग कोणी यायचं थांबलं. चाळीत भांडणं होतच राहिली, नुसती जास्त वेळ चालायची. संघ घेऊन मी स्पर्धेला गेले आणि बक्षीस आणलं. परत आल्यावर मी सभा सोडली, पण त्यात काही मोठेपणा नाही. मला तिथे उभं राहिलं की तोंडाला तीच चटणीची चव यायची, म्हणून सोडली.

आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. माझ्याशी ती कधी वाईट वागली नाही, उलट माझ्या प्रत्येक लहानसहान गोष्टीचं कौतुक केलं. पण परका माणूस समोर आला की ती बोलण्याआधी पदराचा काठ तोंडापुढे धरायची. माझ्या लग्नात व्याह्यांशी बोलताना धरला, बँकेत धरला, नातवाच्या शाळेत बाईंशी बोलतानाही धरला. लोकांना ते जुन्या वळणाचं वाटायचं. तिच्या शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरने खाली वाकून विचारलं, ‘‘आजी, कुठे दुखतंय?’’ तिच्या अंगात हॉस्पिटलचा बिनपदराचा झगा होता आणि एका हाताला सलाइन होतं. तिने दुसरा हात उचलून तोंडापुढे आणला आणि मग सांगितलं. डॉक्टरला काही ऐकू आलं नाही. तो म्हणाला, ‘‘हात काढा आजी.’’ तिने माझ्याकडे बघितलं आणि हात तिथेच ठेवला.